काटकोनाचा डावा डोळा

माझ्या भावाला बाजारात काटकोन म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या सुतारकामाच्या दुकानावर वडिलांच्या नावाची पाटी आहे, पण पत्ता विचारणाऱ्याला कोणीही सांगतं, 'काटकोनाकडे ना? कुलूपवाल्याच्या पुढचं दार.'

हे नाव त्याला एका चिडलेल्या गिऱ्हाइकानं दिलं. कापडाच्या दुकानात काउंटर बसवायचं होतं आणि दुकानाची मागची भिंतच तिरकी होती. दुकानदार म्हणाला, भिंतीप्रमाणे काउंटर तिरकं करा, गिऱ्हाईक काय फूटपट्टी घेऊन येतंय? दादा म्हणाला, भिंत चुकली म्हणून मी कशाला चुकू? त्यानं काउंटर सरळच केलं. एका टोकाला भिंतीशी दोन बोटांची फट राहिली, ती दाखवून म्हणाला, 'ही फट माझी नाही, गवंड्याची आहे.' दुकानदार रस्त्यावर येऊन ओरडला, 'हा माणूस आहे की काटकोन?' झालं. तेव्हा दादा बत्तीस वर्षांचा होता, आता एकसष्टचा आहे. गवंड्यानं पुढच्याच वर्षी भिंत सरळ केली, हे मात्र बाजारात कोणी सांगत नाही. मी सांगते.

मी त्याची धाकटी बहीण. तो लाकूड कापतो, जोडतो, आणि मी पॉलिश करते. माझी छप्पन्न वर्षं झाली, नखं कायमची तपकिरी झाली, तरी त्याच्या लेखी मी छोटीच आहे. वडील गेले तेव्हा दुकान दोघांचं झालं. भांडणंही दोघांची, ती मीच जास्त करते. त्याला भांडता येत नाही. तो नाकासमोर चालणारा माणूस आहे. कोणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरची फोटोफ्रेम सरळ करतो, मग बसतो.

जाणूनबुजून त्यानं वाकडं काम आयुष्यात एकदाच केलं. वाचनालयात एक टेबल डुगडुगत होतं, ते दुरुस्त करायला गेला होता. तिथे पुस्तकं देणारी जी मुलगी होती, ती आता माझी वहिनी आहे. ते टेबल त्यानंतर आणखी तीनदा डुगडुगलं. माझ्या भावाच्या हातचं काम परत डुगडुगतं म्हणजे काय, हे माझ्या लगेच लक्षात आलं. वडिलांच्याही आलं असावं, कारण चौथ्या वेळी ते म्हणाले, 'आता त्या टेबलाला घरीच घेऊन ये.'

आता त्याच्या सवयीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. फळी सरळ आहे की नाही हे बघायची सुताराची एक रीत असते. फळीचं एक टोक डोळ्याशी धरायचं, दुसरा डोळा मिटायचा, आणि धारेवरून नजर टाकायची. बाक असेल तर लगेच कळतो. दादा उजव्या डोळ्यानं बघतो आणि डावा मिटतो. पंचेचाळीस वर्षं दिवसातून शंभर वेळा हे केल्यावर तो डावा डोळा आपोआपच मिटायला लागला. सुईत दोरा ओवताना, घड्याळात बघताना, चहा गरम आहे का याचा विचार करताना सुद्धा. नवीन बायका दुकानात आल्या की त्यांचा भलताच समज व्हायचा. एका शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, 'तुमच्या भावाचं लग्न झालंय ना?' मी म्हटलं, झालंय, आणि तो तुमच्याकडे नाही, तुमच्या मागच्या कपाटाकडे बघत होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळची वेळ. दादा करवतीवर एक जाड फळी कापत होता आणि भुसा उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. त्यानं उजवा डोळा घट्ट मिटून घेतला. मी पलीकडे एका खुर्चीला पॉलिशचा हात देत होते.

'छोटी,' तो म्हणाला, 'वीज गेली का गं?'

'डोक्यावर दिवा जळतोय तुझ्या.'

'मग एवढा अंधार कसा झाला?'

मी पाण्याचा तांब्या आणला आणि त्याचा उजवा डोळा धुतला. त्यानं तो उघडला. 'आली,' म्हणाला. मग त्यानं उजवा डोळा पुन्हा हातानं झाकला. 'गेली.' हात काढला. 'आली.' नवीन बटण बसवल्यावर वायरमन दिवा लावून विझवून बघतो तसं त्यानं चार वेळा केलं. मग त्यानं कानावरची लाल पेन्सिल काढून एकदा उजव्या डोळ्यासमोर धरली आणि एकदा डाव्या.

'हिला कोणता रंग आहे?'

'लाल.'

'डाव्याला जुन्या विटेसारखी दिसतेय,' तो म्हणाला.

मग मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा पुढे आलेला होता. फार नाही, जवसाच्या दाण्याएवढा असेल. पण पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे मी बोटानं ओळखते, तोच माझा धंदा आहे, आणि रोज आठ तास मी या माणसासमोर बसते. मला ते दिसायला हवं होतं. याचं वाईट मला आजही वाटतं.

नजर कधीपासून जात होती, हे कोणालाच सांगता येईना. त्याला स्वतःलाही नाही. कळणार कसं? डावा डोळा त्याच्याकडे मिटायच्याच कामावर होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून स्कॅन काढायला लावला. डोळ्याच्या मागे, खोबणीत, द्राक्षाएवढी गाठ निघाली. बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो तसली. वरवर बघता कर्करोगाची वाटत नाही, ते म्हणाले, हळूहळू वाढते, वर्षानुवर्षं. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी जी नस असते तिला ती दाबत होती. तशीच ठेवली तर डावा डोळा जाणार. काढली तर वाचण्याची शक्यता चांगली होती, पण काढताना नसेला धक्का लागला तर तेव्हाच जाणार.

पहिल्यांदा ज्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे गेलो ते वयस्कर होते, नावाजलेले, आणि बोलायला फार गोड. त्यांनी समजावलं की कानशिलाजवळ चिरायचं, तिथल्या हाडाचा तुकडा बारीक करवतीनं कापून बाजूला करायचा, आत जाऊन गाठ काढायची आणि तुकडा परत बसवायचा.

'करवतीला इंचाला दात किती?' दादानं विचारलं.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं पेशंट गंमत करतोय. मला माहीत होतं की तो अजिबात गंमत करत नाही. जन्मभर करवत चालवणाऱ्या माणसाला तेव्हा घाम फुटला होता. मग तो उठून उजेडात लावलेल्या स्कॅनसमोर उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. डावा डोळा मिटून, हे सांगायला नकोच.

'गाठ नसेच्या कोणत्या बाजूला आहे?' त्यानं विचारलं.

'आतल्या. नाकाच्या बाजूला.'

'आणि तुम्ही येणार कानाच्या बाजूनं. म्हणजे नस ओलांडून जाणार.'

ते डॉक्टर भले, म्हणून पुढचं झालं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, 'खरं सांगायचं तर तुमच्या गाठीला नाकातूनही जाता येईल. मला ते येत नाही. ज्यांना येतं त्यांचं नाव लिहून देतो.'

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, 'अहो, डोळ्याची गाठ नाकातून कशी काढतील?' माझ्याही मनात तेच होतं. दादा म्हणाला, 'कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात खिळा अडकला तर दर्शनी दार कोणी फोडतं का? मागून जातात.' त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज नेहमीसारखा वाटला.

नाकाच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील, ठेंगण्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची कवटी होती. त्यांनी ती मधोमध उघडली आणि दादासमोर ठेवली. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना बारीक बारीक खण होते, मधमाशांच्या पोळ्यात असतात तसे, पातळ हाडांचे.

'इथून पेन्सिलीएवढी दुर्बीण घालायची,' त्या म्हणाल्या. 'हे खण मोकळे करायचे. मग ही भिंत येते. हिच्या अलीकडे नाक आणि पलीकडे डोळा. कागदाएवढी पातळ असते, उजेडात धरली तर आरपार दिसेल. ती उचलायची. आत चरबी आणि डोळा हलवणारे स्नायू असतात. दोन स्नायूंच्या मधून गाठीपर्यंत पोचायचं. डोळ्यांचे डॉक्टर माझ्यासोबत असतील. एकानं स्नायू बाजूला धरायचा, दुसऱ्यानं गाठ सोडवायची.'

'म्हणजे चार हात,' वहिनी म्हणाली. 'आणि नाकपुड्या दोन.'

'बसतात. नाक बाहेरून दिसतं त्यापेक्षा आतून बरंच ऐसपैस असतं.'

यावर दादानं माझ्या नाकाकडे बघितलं. आमच्या घरातली नाकं बाहेरूनही काही लहान नाहीत.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर रांग लागली होती, पण त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

'ती भिंत परत कोण बसवणार?'

'नाही बसवत. आतलं अस्तर हळूहळू भरून येतं.'

'म्हणजे मागच्या फळीशिवाय कपाट देणार मला,' दादा म्हणाला. त्याला हे मुळीच पटलं नव्हतं.

'मिस्त्री, कपाट भिंतीला टेकून उभं राहणार आहे,' डॉक्टरबाई म्हणाल्या. 'मागून कोण बघतंय?'

दादानं मान डोलावली. असं कोणी त्याच्या भाषेत बोललं की तो लोण्यासारखा होतो. पण त्यानं आणखी एक विचारलं.

'गाठ नसेच्या पलीकडच्या बाजूला असती तर?'

'तर तुम्हाला मी त्याच डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. नाकातून सगळीकडे पोचता येत नाही.'

या उत्तरावर सौदा ठरला, असं मला वाटतं. आपल्या हत्याराला काय जमत नाही हे सांगणारा कारागीर त्याला लगेच ओळखू येतो. काय काय बिघडू शकतं तेही डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नजर जाऊ शकते. रक्तस्राव होऊ शकतो. आणि जो स्नायू बाजूला धरायचा तो दुखावला तर काही दिवस, क्वचित कायमचं, एकाचे दोन दिसू शकतात. दादानं कागद वाचला आणि सही केली. सही सुद्धा सरळ रेषेत करतो तो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आणि वहिनी बाहेरच्या बाकावर तीन तास चाळीस मिनिटं बसलो. मला बसायची सवय नाही. मी घाबरले होते. दुकानात तो नसेल तर काय, हा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला आणि लगेच दाबून टाकला. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा लाल वळ उठला होता. 'गाठ अख्खी निघाली,' त्या म्हणाल्या. 'जागे झालेत. डाव्या डोळ्यानं बोटं मोजली.' बाहेर एक टाका नाही, चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. मी काही रडले नाही. वहिनी रडली, आणि तिनं माझ्या वाटणीचंही उरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण त्याच्या डाव्या डोळ्यासमोर धरलं.

'रंग कोणता?'

'लाल,' दादा म्हणाला, आणि थोडं थांबून, 'नवा लाल.'

मग नियम आले. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. पंचेचाळीस वर्षं भुशात वावरलेल्या माणसाला नाक शिंकरू नको म्हणणं म्हणजे माशाला पाण्यात शिरू नको म्हणण्यासारखं, पण त्यानं निमूट पाळलं.

रोज सकाळी डॉक्टर येत आणि त्याच्यासमोर एक बोट धरत. 'किती दिसतात?' 'एक.' बोट डावीकडे. 'एक.' उजवीकडे. 'एक.' सगळे खूश. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी मी त्याला चहा दिला. मी त्याच्या उजव्या हाताला उभी होते. त्यानं सहज, नीट न बघता हात पुढे केला आणि कपाच्या चार बोटं बाजूला हवेतच मूठ मिटली. मला वाटलं झोपेत आहे. त्यानं पुन्हा हात पुढे केला आणि पुन्हा तसंच झालं. ज्या हातानं कधी खिळ्याचं डोकं चुकवलं नाही, त्या हातानं कप दोनदा चुकवला.

मी कप खाली ठेवला आणि माझं बोट त्याच्यासमोर धरलं. 'किती?'

'एक.'

आणि तेव्हा मला दिसलं. बोट वर केलं त्या क्षणी त्याची डावी पापणी खाली आली होती. सावकाश, सवयीनं, फळी बघताना यायची तशी. पापणीवर सूज होती, ती आधीच अर्धी मिटलेली दिसत होती, त्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं. पण मी ते मिटणं पंचेचाळीस वर्षं बघितलेलं होतं.

'दादा, तू डोळा मिटलास.'

'छे.'

'मिटलास.'

'मिटलात हो,' वहिनी म्हणाली.

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. काहीही नीट बघायचं म्हटलं की तो डोळा मिटतो, आणि 'नीट बघून सांगा' असं रोज सकाळी डॉक्टरच त्याला सांगत होते. मी माझ्या तपकिरी अंगठ्यानं त्याची पापणी हलकेच वर धरली आणि बोट उजवीकडे नेलं.

'आता?'

'दोन,' तो म्हणाला.

मी बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना अक्षरशः हाताला धरून आणलं. त्यांनी पापणी धरून तपासलं. डावीकडे आणि समोर ठीक होतं, पण उजवीकडे बघताना उजवा डोळा पूर्ण वळायचा आणि डावा नाकाशी येता येता अर्ध्यातच थांबायचा. त्याच दिवशी पुन्हा स्कॅन झाला. स्नायू कुठे अडकला नव्हता, तुटला नव्हता, फक्त दमला होता. डॉक्टरबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. 'हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं,' एवढंच म्हणाल्या. असं म्हणणारी माणसं मी फार कमी बघितली आहेत, आणि मीही त्यांतली नाही.

'परत येईल ना?' वहिनीनं विचारलं.

'बहुतेक येतो. सहा ते आठ आठवडे धरा. नाही आला तर खास चष्मा, नाहीतर स्नायूचं छोटं ऑपरेशन.' मग दादाकडे वळून, 'पण मिस्त्री, डोळा मिटायचा नाही. तुम्ही मिटत राहिलात तर दोन्ही डोळ्यांना एकत्र यायचं कारणच राहणार नाही.'

म्हणजे आता डोळा वाचला होता आणि धंदा अधांतरी होता. ज्याला उजवीकडच्या प्रत्येक वस्तूच्या दोन कडा दिसतात त्यानं पटाशी कोणत्या कडेवर टेकवायची?

घरी आल्यावर पहारा माझ्याकडे आला. आमचं घर दुकानाच्याच मागे, आणि माझी खोली वरच्या मजल्यावर. डोळ्यात तेल घालून मी त्याचा डोळा बघत बसायचे. पापणी खाली आली की पॉलिशच्या रिकाम्या डब्यावर ब्रशचा दांडा आपटायचे. पहिल्या दिवशी डबा इतका वाजला की कुलूपवाला येऊन विचारून गेला, काय नवीन धंदा काढलाय का? दादा वैतागायचा. 'तू एक असतीस तर सहन केलं असतं,' म्हणायचा. 'त्या खिडकीशी उभी राहिलीस की दोन दिसतेस, आणि दोघी डबा वाजवता.'

पण तो काटकोन होता. आपल्यात जे बिघडलंय त्याचं माप त्याला हवं होतं. त्यानं जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची ठरवली, तिच्या उजव्या हाताच्या भिंतीवर लाकडाची एक बारीक उभी पट्टी ठोकायला लावली. रोज सकाळी तो खुर्चीत ताठ बसायचा, मान न हलवता पट्टीकडे बघायचा. त्याला खऱ्या पट्टीच्या बाजूला आणखी एक दिसायची, जी नव्हतीच. वहिनी भिंतीवरून पेन्सिल सरकवत न्यायची आणि पेन्सिल त्या नसलेल्या पट्टीवर आली की तो 'बस' म्हणायचा. तिथे खूण. मग मोजायचं. पहिल्या दिवशी सात इंच भरलं. दोन आठवड्यांनी चार. महिन्यानं दीड. पुढे तो सुतांवर आला. एका इंचाचे आठ सूत, सुताराचं सगळ्यात बारीक माप. डॉक्टरबाईंकडे जाऊन तो तेच सांगायचा, आणि त्यांनी त्याच्या फायलीत खरोखरच 'सहा सूत' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे.

सहा सुतांवर ते अडकलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. अकरा दिवस सहा सूत. सकाळी तो आकडा त्याच आवाजात सांगायचा आणि चहा प्यायचा. नवव्या दिवशी, मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना, तो दुकानात जाऊन एक साधा सांधा करायला बसला, दोन लाकडांच्या खाचा एकमेकींत बसवायच्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून, सांगितल्याप्रमाणे. खाच तिरकी कापली गेली. मी आले तेव्हा तो ते लाकूड हातात घेऊन बसला होता. त्याच्या हातून चुकून झालेलं वाकडं काम मी तोवर पाहिलंच नव्हतं. त्यानं ते लाकूड भंगाराच्या पेटीत टाकलं, आवाज न करता.

'छोटी,' तो म्हणाला, 'दुसरा कारागीर बघून ठेवायचा का गं?'

मी म्हटलं, 'बघते की. पण त्याला काटकोन म्हणणार नाही मी.' आणि पाठ फिरवून खुर्चीला पॉलिशचा हात देत राहिले, ज्या खुर्चीला पॉलिश आधीच झालं होतं. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, 'सहा सूत म्हणजे स्नायू काम करतोय. थांबा. माझ्या घाईनं तो बरा होणार नाही, तुमच्याही नाही.' त्यांच्या आवाजात एवढी खात्री होती की मी ती उसनी घेतली आणि दुकानात परत येऊन स्वतःची म्हणून वापरली.

बाराव्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा वहिनी शेगडी पुसत होती आणि दादा त्याच्या खुर्चीत बसला होता. भिंतीवर नवी खूण नव्हती. पेन्सिल टेबलावर तशीच पडली होती.

'किती आज?' मी विचारलं.

'आज माप नाही.'

'नाही म्हणजे? घेतलं नाहीस?'

'नाही.'

माझा पारा चढला. मी म्हटलं, आठ आठवडे डबा वाजवून माझा हात दुखायला लागला आणि तू बाराव्या दिवशी हात टेकतोस? एवढाच धीर होता तर नाकातून दुर्बीण कशाला घालून घेतलीस? मी आणखीही बरंच बोलले. वहिनी मधे पडली नाही, आणि ती मधे का पडत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दादानं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, 'माप घ्यायला काही उरलं नाही, छोटी.'

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. या माणसानं तीन दिवस अख्ख्या हॉस्पिटलला नकळत फसवलं होतं. मी आधी त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघितलं. उघडा होता, टक्क उघडा. मग मी त्याच्या उजवीकडे एक पाऊल सरकले.

'मान हलवू नकोस. किती दिसते मी?'

'एक.'

मी टेबलाच्या टोकापर्यंत गेले. 'आता?'

'एक.'

खिडकीशी गेले, जिथे मी कायम दोन असायचे. 'आता?'

'एक.'

मग मी भिंतीला पाठ लावून सरकत सरकत कोपऱ्यात गेले. त्याच्यापलीकडे जायला जागाच नव्हती. त्यानं मान तसूभर वळवली नाही. फक्त त्याचे डोळे माझ्या मागे मागे आले, उजवा आणि डावा, दोघे बरोबर, मधे कुठे न थांबता थेट कोपऱ्यापर्यंत.

'आता किती?' मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

'एकच,' दादा म्हणाला. 'आणि ती रडतेय.'